प्लगचा रंग

भोपाळमधल्या बैरागढच्या मेकॅनिकनं माझ्या जुन्या मोपेडचा स्पार्क प्लग काढला, उन्हात धरला आणि एवढंच म्हणाला, "तेल ज़्यादा है।" टोक काळंकुट्ट आणि ओलसर. कार्बोरेटरला त्यानं हातही लावला नाही. पॉलिश पेपरनं टोक घासलं, गॅप बघितली. दुसऱ्या किकला गाडी सुरू!

टू-स्ट्रोक इंजिनाचं निम्मं निदान प्लगवर होतं. चहासारखा तपकिरी असला की तब्येत ठणठणीत. काळा आणि ओला असला तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढराफटक असला तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय आणि पिस्टन जाम व्हायची वेळ आलीय. अशा इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे त्याचा प्लग फार बोलका.

या इंजिनाचं घराणं जुनं आहे. क्रँककेसमधून इंधन-हवा वर ढकलणाऱ्या इंजिनाचं पेटंट बाथच्या जोसेफ डे यानं 1891 मध्ये घेतलं. 1920 च्या दशकात जर्मनीत श्नुर्ले यानं सिलिंडरमधला वायूंचा प्रवाह सुधारला आणि हे इंजिन खऱ्या अर्थानं कामाचं झालं.

त्याची एक शाखा हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या तीनचाकी 'हॅन्सीट'मध्ये गेली. 1958 मध्ये नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली आणि ती तीनचाकी भारतात बनू लागली. 2005 मध्ये कंपनी फोर्स मोटर्स झाली, पण आपण छोट्या मालवाहू गाडीला टेम्पोच म्हणतो. भोपाळनं त्या तीनचाकीत माणसं भरली आणि तिचं नाव ठेवलं 'भटसुअर'. भोपाळी जीभच ती!

दुसरी शाखा बर्फात गेली. क्युबेकमधल्या वालकूरच्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात दगावला. बर्फानं रस्ते बंद, दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही. बोम्बार्डिएची बर्फावर चालणारी गाडी, स्की-डू, 1959 मध्ये आली. पहिल्या गाडीला इंजिन फोर-स्ट्रोक होतं, ही गंमत. 1962 पासून ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सची टू-स्ट्रोक इंजिनं येऊ लागली आणि स्नोमोबाइलचा आवाज ठरून गेला.

आता परत बैरागढ. सैन्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलाचं तीन नंबरचं केंद्र इथेच आहे. दल 1943 चं. सियाचिनच्या हिमनदीवर वापरायच्या स्नो-स्कूटरची देखभाल याच दलाकडे. म्हणजे भटसुअरच्या गावात बर्फातल्या गाडीचे वैद्यही घडतात, बर्फाचा कण नसताना.

गणित मात्र दोन्हीकडे वेगळं. भोपाळच्या 44 अंशांत हवा विरळ होते, मिश्रणात पेट्रोल वरचढ ठरतं, प्लग काळा पडतो. कडाक्याच्या थंडीत हवा दाट, पेट्रोल तोकडं, म्हणून कार्बोरेटरला पेट्रोल सोडणारा जेट मोठा लागतो. नाहीतर पिस्टनला भोक. त्यातच हिमनदीची उंची हवा पुन्हा विरळ करते. थंडी एकीकडे ओढते, उंची दुसरीकडे. अशा ठिकाणी पुस्तकातला आकडा पुरत नाही, प्लग काढून बघावाच लागतो.

तुमच्याकडे अजून एखादी जुनी टू-स्ट्रोक असेल तर डिकीत एक जादा प्लग आणि पाना ठेवा. गाडी रखडली की इंजिन गार होऊ द्या, मग आधी प्लग काढा.