ग्रंथाची पारख : मराठी अभिप्रायपरंपरेचा मागोवा

"सध्या काय वाचता?" हा प्रश्न ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी पिढ्यानपिढ्या विचारला जात आला आहे. उत्तरादाखल एखादे नाव सांगितले जाते आणि त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "कसे आहे?" ग्रंथव्यवहाराचा फार मोठा भाग या दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे. पुस्तक वाचण्यापूर्वीच त्याची योग्यता ठाऊक व्हावी, ही वाचकाची गरज आहे. पण जे वाचलेले नाही त्याविषयीचे मत दुसऱ्याकडूनच घ्यावे लागते. हा दुसरा कोण, त्याने कोणत्या कसोटीवर मत दिले आणि त्याच्या मतात कोणाचा स्वार्थ गुंतला आहे, हे प्रश्न तेथूनच उद्भवतात.

बृहन्महाराष्ट्रातील ग्रंथालयांना या प्रश्नांची झळ अधिक लागत आली. पुण्या-मुंबईतील वाचकाला दुकानात जाऊन पुस्तक चाळता येत असे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव किंवा मडगाव येथील वाचनालयाच्या चिटणिसांना मात्र नियतकालिकांतील परीक्षणे, प्रकाशकांच्या याद्या आणि जाहिराती यांवर भिस्त ठेवूनच मागणी नोंदवावी लागे. व्ही. पी. ने आलेले पुडके सोडवल्यावरच निवड बरी होती की फसली, ते कळे. तुटपुंज्या ग्रंथनिधीत फसलेली निवड म्हणजे न घेतले गेलेले एखादे चांगले पुस्तक. म्हणूनच अभिप्रायांचा इतिहास हा एका अर्थी या ग्रंथालयांतील कपाटांचाही इतिहास आहे.

दक्षिणा आणि बक्षीस

मराठी ग्रंथांची अधिकृत पारख करणारी पहिली महत्त्वाची संस्था म्हणजे दक्षिणा प्राइझ कमिटी. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. १८१८ नंतर इंग्रज सरकारने ती मर्यादित स्वरूपात चालू ठेवली. या निधीचा काही भाग मराठीतील उपयुक्त ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा, अशी मागणी पुण्यातील सुधारणावादी मंडळींनी १८४९ साली अर्जाद्वारे केली आणि १८५१ साली ही कमिटी अस्तित्वात आली. ग्रंथ परीक्षकांपुढे ठेवावा, त्यांनी अनुकूल मत द्यावे आणि त्यावर बक्षीस मिळावे, अशी ही व्यवस्था होती. छापण्याचा खर्च मोठा आणि विकत घेणारे थोडे, अशा काळात अनेक लेखकांना या बक्षिसांचा आधार झाला, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु परीक्षकमंडळाच्या निर्णयावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्नही तेथेच जन्मला. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीकडे पाठवले. धर्माच्या नावाखाली अडाणी कुणब्याची होणारी फसवणूक आणि शिक्षणाने त्याला येणारी जाग, हा त्याचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशा आशयाची तक्रार फुले यांनी पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) नोंदवली. नाटक हस्तलिखितातच राहिले. ते प्रथम छापून आले १९७९ साली, म्हणजे लिहिल्यानंतर १२४ वर्षांनी.

एका नाकारलेल्या पुस्तकाचे हे भवितव्य ग्रंथपारखीच्या इतिहासात कायम लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रतिकूल मत आणि मुद्रणच न होणे यांत फरक आहे. पहिल्याला वाचक उत्तर देऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात त्याच्यापुढे काही येतच नाही.

मासिकांचे युग

१८६७ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी झालेल्या पंचविसाव्या कायद्यानुसार छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि त्रैमासिक याद्यांत लेखक, मुद्रक, पृष्ठे, किंमत आणि प्रतींची संख्या दिली जाऊ लागली. सरकारचा हेतू देखरेखीचा होता. तथापि अभ्यासकांच्या हाती त्यामुळे एक अनमोल साधन आले. त्याच वर्षी रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादकत्वाखाली 'विविधज्ञानविस्तार' सुरू झाले. १९३७ पर्यंत, सुमारे सात दशके, या मासिकाने नव्या ग्रंथांची सविस्तर परीक्षणे छापली. पुस्तकाचा केवळ पोहोच-उल्लेख करणे आणि त्याचे गुणदोष कारणांसह मांडणे यांतील अंतर मराठी वाचकाला प्रथम अशा पानांतून कळले.

१८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची 'निबंधमाला' निघाली. ग्रंथांवरील टीका हे स्वतंत्र, जबाबदारीचे आणि भाषेच्या वाढीस आवश्यक असे काम आहे, ही जाणीव मालेने रुजवली. आश्रयदात्याची मर्जी किंवा लेखकाचा हुद्दा यांपेक्षा ग्रंथाकडे पाहावे, असा तिचा आग्रह होता. मात्र याच 'निबंधमाले'त फुले यांच्या लेखनाचा आणि सत्यशोधक समाजाचा समाचार घेताना शास्त्रीबुवांनी त्यांच्या भाषेतील अशुद्धतेवर उपहासाचा वर्षाव केला. कोणासाठी आणि कोणत्या दुःखातून ते लिहिले गेले, याकडे त्यांनी पाठ फिरवली. तत्त्व सांगणारा परीक्षकही आपल्या पूर्वग्रहांच्या पलीकडे जातोच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण. १८८५ साली पुण्यात भरलेल्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुले यांनी न्यायमूर्ती रानडे यांना पत्र लिहून नाकारले. सर्वांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या ग्रंथांत नाही त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा भावार्थ होता. ग्रंथकारांचा आणि परीक्षकांचा वर्ग एकच असला तर पारख कोणाची आणि कोण करणार, हा त्या नकारातील खरा सवाल होता.

या काळातील वाचन मात्र एकट्याचे नव्हते. १८९० साली 'करमणूक' सुरू झाल्यावर हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून क्रमशः येऊ लागली. नव्या अंकाची वाट पाहावी आणि यमूचे पुढे काय झाले याची घरोघर चर्चा व्हावी, असा तो काळ. पुस्तक पूर्ण होण्यापूर्वीच वाचकांनी त्यावर मत बनवले होते आणि ते मत कोणा परीक्षकाच्या अनुज्ञेची वाट पाहत थांबले नव्हते.

संग्रह आणि निवड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रंथालयांनी या प्रश्नाला आपल्या पद्धतीने उत्तर दिले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. मराठीत छापलेले पुस्तक, मग ते थोर असो वा सामान्य, जतन झाले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी. आज क्षुद्र वाटणारे पुस्तक उद्याच्या अभ्यासकाला मोलाचे ठरू शकते, म्हणून संग्राहकाने परीक्षकाचा अधिकार आपल्याकडे घेऊ नये, असे हे तत्त्व होते. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी प्रचंड सूची सिद्ध केली, तीही याच वृत्तीचे फळ होय. सूचिकार ग्रंथाची नोंद करतो, गुण देत नाही.

बडोद्यात वेगळा मार्ग अवलंबला गेला. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ केला. फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. पेटीत मोजकीच पुस्तके मावणार, तेव्हा निवड अपरिहार्य होती. निवड करणारा खेड्यातील वाचकाला प्रत्यक्ष ओळखत नसे. पण पेटी परत आली की कोणते पुस्तक हाताळले गेले आणि कोणते कोरे परतले, हे दिसत असे. वाचकाने न बोलता दिलेला हा अभिप्रायच होता. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, या त्यांतील दोन सूत्रांचा अनुभव या पेट्यांनी आधीच घेतला होता.

लहान ग्रंथालयाला ठाण्या-मुंबईप्रमाणे सर्वसंग्राहक होणे शक्य नसते आणि बडोद्याप्रमाणे राजाश्रयही नसतो. त्याला दोन्हींच्या मध्ये वाट काढावी लागते. सभासदांची मागणी-वही, कार्यकारी मंडळातील एखाद्या वाचनवेड्या सभासदाची शिफारस आणि मासिकांतील परीक्षणे यांचा मेळ घालून खरेदीची यादी बनते. या यादीत कधी एका व्यक्तीची आवड वरचढ होते, कधी मागणीच्या रेट्याने कथा-कादंबऱ्यांचीच कपाटे भरतात. तरी यादी करणारा सभासदांना रोज भेटत असतो आणि त्याला "हे का घेतले?" असे विचारता येते, ही तिची मोठी जमेची बाजू.

गाजणे आणि टिकणे

विसाव्या शतकातील काही पुस्तकांचे प्राक्तन पाहिले तर तात्कालिक कौलाच्या मर्यादा स्पष्ट होतात. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा मोठे वादळ उठले. शिकलेल्या स्त्रीची घुसमट सांगणाऱ्या त्या कथांपेक्षा, ही लेखिका कोण आणि स्त्रीने असे लिहावे काय, याचीच चर्चा अधिक झाली. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले, आणि आज नवकवितेचा विचार त्या संग्रहाला वगळून होऊ शकत नाही.

उलट, एखाद्या जाणत्याच्या शब्दाने अपरिचित ग्रंथ प्रकाशात आल्याचीही उदाहरणे आहेत. बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि १९५२ साली अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. प्रस्तावना हाही एक अभिप्रायच, आणि मराठीत भिडेखातर लिहिलेल्या प्रस्तावनांची उणीव कधीच नव्हती. येथे प्रस्तावनाकाराच्या नावाने वाचक पुस्तकापर्यंत आला, पण तो थांबला तो ओव्यांच्या बळावर.

१९६२ साली वसंत दावतर यांचे 'आलोचना' आणि १९६४ साली केशवराव कोठावळे यांचे 'ललित' सुरू झाले. पहिले समीक्षेला वाहिलेले, दुसरे ग्रंथप्रेमी वाचकाला नव्या पुस्तकांची खबर देणारे. महाराष्ट्राबाहेरील ग्रंथालयांना 'ललित'चा विशेष उपयोग झाला. मात्र प्रस्थापित मासिकांच्या निवडीविषयीचा असंतोषही याच दशकात उफाळला. १९६९ साली राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी केली. 'सत्यकथे'चे ऋण मोठे होते यात शंका नाही. पण अभिरुचीची किल्ली एकाच हाती असावी काय, हा जुनाच प्रश्न तरुण पिढीने तीव्रतेने पुन्हा विचारला. १९७४-७५ च्या सुमारास 'ग्रंथाली' ही वाचकांची चळवळ म्हणून उभी राहिली. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) तिच्यामार्फत घरोघर पोहोचले. 'बलुतं' आल्यानंतर पुढच्याच वर्षी 'तृतीय रत्न' प्रथम छापले गेले, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

ताऱ्यांचा हिशेब

एकविसाव्या शतकात अभिप्रायाने आकड्याचे रूप घेतले. २००७ साली सुरू झालेल्या 'गुडरीड्स'सारख्या संकेतस्थळावर वाचक एक ते पाच तारे देतो, आपण सध्या काय वाचत आहोत तेही कळवतो आणि सर्वांची सरासरी पुस्तकाच्या नावापुढे झळकते. २०१३ साली 'ॲमेझॉन' या विक्रेत्या कंपनीने ते संकेतस्थळ विकत घेतले. दूरच्या वाचकाला यामुळे मोठी सोय झाली, हे खरे. परंतु या आकड्यांचे दोष जाणून घेतले पाहिजेत. अर्ध्या लोकांनी पाच आणि अर्ध्यांनी एक तारा दिला तरी सरासरी तीनच, आणि सर्वांनी तीन दिले तरी तीनच. पहिले पुस्तक वाद माजवणारे, दुसरे मिळमिळीत; आकडा दोघांना एका पंगतीला बसवतो. चार स्नेह्यांनी दिलेले पाच तारे चारशे अनोळखी वाचकांच्या चार ताऱ्यांहून उंच दिसतात. शिवाय मत नोंदवण्याचे कष्ट बहुधा भारावलेला किंवा चिडलेलाच घेतो, मधला वाचक गप्प राहतो.

लबाडी तर जुनीच आहे. वॉल्ट व्हिटमन याने १८५५ साली आपल्याच काव्यसंग्रहाची स्तुतिपर परीक्षणे निनावी छापून आणली होती. २००४ साली 'ॲमेझॉन'च्या कॅनडातील संकेतस्थळावर तांत्रिक बिघाडाने निनावी परीक्षकांची खरी नावे उघड झाली, तेव्हा काही लेखकांनीही तोच मार्ग धरल्याचे दिसले. २०२३ साली एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेच्या रशियात घडणाऱ्या कादंबरीला, ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच, युक्रेनमधील युद्धाच्या संतापातून शेकडो जणांनी एकेक तारा दिला आणि लेखिकेने प्रकाशन पुढे ढकलले. न वाचलेल्या पुस्तकावर निकाल लागला.

दक्षिणा प्राइझ कमिटीपासून या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास पाहता एक गोष्ट ध्यानात येते. मत देणारे थोडे होते तेव्हा त्यांचा पूर्वग्रह निर्णायक ठरला; ते असंख्य झाले तेव्हा त्यांचा चेहरा हरवला. विश्वास ठेवावा असे मत या दोहोंपेक्षा निराळे असते. ते देणाऱ्याने पुस्तक वाचलेले असते, तो नावानिशी बोलतो, कारणे देतो आणि उलट प्रश्नाला उत्तर द्यायला तयार असतो. 'विविधज्ञानविस्तार'च्या उत्तम परीक्षणांत हे गुण होते आणि ग्रंथालयाच्या जुन्या सभासदाच्या "जरूर वाचा, मात्र पहिली पन्नास पाने नेटाने काढा" या शिफारशीतही ते असतात.

शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाच्या कपाटात गाजून विसरलेली पुस्तके आहेत, नाकारली जाऊन मान्यता पावलेलीही आहेत, आणि ज्यांच्या तारखांच्या चिठ्ठीवर कित्येक वर्षांत एकही शिक्का उमटलेला नाही अशीही आहेत. या शेवटच्यांना जागा देणे हे ग्रंथालयाचे काम आहे. त्यांतील एखादे उतरवून घेऊन दुसऱ्याला त्याविषयी सांगणे हे सभासदांचे.