धडगाव परिसरातील बुडीत गावे आणि सामाजिक परिणामांची गणना

उद्योगसंस्थेने नफातोट्याबरोबरच समाजावर घडणाऱ्या आपल्या परिणामांचाही हिशेब द्यावा, ही कल्पना भारतात सर्वस्वी नवी नव्हे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने १९७९-८० च्या सुमारास कंपनीबाहेरील व्यक्तींच्या समितीकडून आपल्या सामाजिक कार्याचे परीक्षण करवून घेतले होते. तथापि अशा हिशेबात कोणाची गणना होते आणि कोण वगळले जाते, हा मूळ प्रश्न होय. धडगाव परिसराचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

धडगाव हे सातपुड्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. १ जुलै १९९८ पर्यंत हा तालुका धुळे जिल्ह्यात होता. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवरामुळे अक्राणी व अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. या प्रकल्पास जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. पुढे १९८८ मध्ये गुजरात शासनाने प्रकल्पाच्या कामासाठी सरदार सरोवर नर्मदा निगम ही कंपनी स्थापिली.

नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार, पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदार कुटुंबास किमान दोन हेक्टर जमीन मिळावयाची होती. परंतु अक्राणीतील अनेक आदिवासी कुटुंबे पिढ्यानपिढ्या वनजमीन कसत असूनही सरकारी दप्तरी त्यांची नोंद ‘अतिक्रमक’ अशी होती. सबब शेत प्रत्यक्ष बुडत असताही कागदोपत्री त्या कुटुंबाची जमीन बुडत नव्हती. एका शब्दाने हक्क ठरत होता.

बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ मधील तिच्या अहवालाने परिणामांचे मूल्यमापन अपुरे असल्याचे दाखविले आणि ‘अतिक्रमक’ ठरविलेल्यांच्या हक्काचा प्रश्नही पुढे आणला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने कायम तपासणी मंडळ निर्माण केले. मात्र धरणाचे काम कायमचे थांबले नाही. २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. दरम्यान वनहक्क न नोंदविणे हा ऐतिहासिक अन्याय होता, अशी कबुली २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच देण्यात आली.

भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) २०२१ मध्ये विहित केलेले उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाचे स्वरूप २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांस बंधनकारक झाले. त्यात प्रकल्पबाधित कुटुंबांची संख्या व पुनर्वसनाची टक्केवारी यांसाठी रकाने आहेत. ‘बाधित’ या शब्दाची व्याप्तीच संकुचित असेल, तर शंभर टक्क्यांचा आकडाही खरा ठरूनच दिशाभूल करील. म्हणून आकड्याआधी त्यामागील व्याख्या तपासणे आणि ती तपासणी बाहेरील व्यक्तींकडून होणे अगत्याचे आहे, हाच धडगावच्या बुडीत गावांचा बोध होय.