घडी की खुंटी: कपड्यांच्या कपाटाचं कुळ

जुनं कपाट घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरला की आधी माथ्यावरचं कोरीव काम पाहतो, लाकडावर टिचकी मारतो, आरशात स्वतःला एकदा न्याहाळतो आणि किंमत विचारतो. दार उघडून आत पाहिलंच, तर ते वाळवीच्या धास्तीनं. कपाटाचं कुळ मात्र आतच कळतं. नक्षी फॅशनप्रमाणे बदलते आणि तिची नक्कल कुणीही करतो. आतली मांडणी ठरते ती त्या काळचे कपडे कसे होते आणि ते ठेवायची रीत कोणती होती यावर. रीती दोनच: घडी घालून ठेवणं आणि टांगणं. आपण ज्याला वॉर्डरोब म्हणतो तो या दोन रीतींच्या सोयरिकीतून जन्मला, आणि ही सोयरीक वाटते तितकी जुनी नाही. म्हणून जुनं कपाट निवडताना पहिला प्रश्न लाकडाचा किंवा वयाचा नसावा. हे कपाट घडीचं आहे की खुंटीचं, हा असावा.

कपाट ही वस्तू तशी फार जुनी. रोमन घरांत दारं आणि फळ्या असलेलं ‘आर्मारियम’ असे. इंग्लंडच्या ईशान्येकडच्या मठात 716 च्या आधी तयार झालेली आणि आता फ्लॉरेन्समध्ये असलेली बायबलची एक भव्य हस्तलिखित प्रत आहे. तिच्यातल्या चित्रात बायबलमधला लेखनिक एझ्रा लिहीत बसला आहे, त्याच्यामागे कपाटाची दारं सताड उघडी आहेत आणि फळ्यांवर पुस्तकं आडवी ठेवली आहेत. पुस्तकं, कपडे नव्हेत. कपडे त्यानंतरही कित्येक शतकं पेटाऱ्यात राहिले, कारण पेटारा उचलून गाडीवर टाकता येतो. राजेरजवाड्यांच्या कपड्यांना पेटारे पुरत नसत, तेव्हा त्यांच्यासाठी दालनं असत. लंडनमध्ये राजाच्या वस्त्रभांडाराची अख्खी इमारत होती. 1666 च्या आगीत ती जळाली, पण शेजारच्या चर्चच्या नावात ‘वॉर्डरोब’ अजून टिकून आहे. आपल्याकडचा जामदारखाना याच जातीचा: मौल्यवान वस्त्रं आणि चीजवस्तू सांभाळणारं खातं, लाकडी वस्तू नव्हे.

सामान्य मराठी घरात तर उभ्या कपाटाची गरजच नव्हती. लुगडं, धोतर, उपरणं, शेला ही सगळी बिनशिवलेली वस्त्रं. घडी घातली की त्यांचा चपटा चौकोन होतो आणि तो पेटीत किंवा फडताळात कसाही बसतो. वाड्यांच्या भिंती जाड, त्यामुळे भिंतीतच खोबण ठेवून फळ्या टाकल्या आणि दार लावलं की फडताळ तयार. जमिनीची वीतभरही जागा जात नसे. अंगरखा, पगडी यांना खुंटी होती आणि रोजच्या कपड्यांना वलणी. म्हणजे घडी आणि खुंटी दोन्ही होत्या, पण दोन वेगळ्या ठिकाणी. त्या एका पेटीत याव्यात यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागल्या: भिंती पातळ झाल्या, माणसं भाड्याच्या खोल्यांत राहायला गेली आणि अंगात शिवलेला कोट आला.

गोव्याचा धागा यात आधीच गुंफलेला आहे. अलमारी हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘आर्मारियो’वरून आपल्याकडे आला, म्हणून गोव्यातली प्रत्येक जुनी लाकडी वस्तू कपड्यांची अलमारी असेल असं समजणारे पुष्कळ आहेत. सागवानावर काळ्या लाकडाचं जडावकाम आणि नागकन्यांच्या आकाराचे पाय असलेली सतराव्या शतकातली प्रसिद्ध खणांची कपाटं, म्हणजे ‘कोंतादोर’, कागदपत्रं आणि दागदागिन्यांसाठी होती; त्यांच्या खणात धड एक सदरा मावायचा नाही. कपड्यांचा खरा धडा चर्चच्या मागच्या खोलीत आहे. पाद्र्यांचे समारंभाचे झगे जरीच्या भरतकामानं जड झालेले असतात. ते ठेवायला बुटके, प्रशस्त, उथळ खणांचे पेटारे केले, म्हणजे झगा शक्य तितका सपाट राहतो. टांगलं असतं तर जरीच्या वजनानं कापड खांद्यातून ओढलं गेलं असतं. कपड्याचा स्वभाव पाहून लाकूड कापणं म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

दोन्ही रीती एकाच वस्तूत सुतारानं नेमक्या कशा बसवल्या, हे इंग्लंडमध्ये कागदावर सापडतं. लंडनचा फर्निचर-कारागीर थॉमस चिपेंडेल याच्या 1754 च्या नमुनापुस्तकात कपड्यांचं कपाट आहे ते घडीचं: वर दारांमागे सरकते ट्रे, खाली खण. 1790 च्या दशकात फर्निचरचा रचनाकार थॉमस शेरेटन आपल्या पुस्तकात जे कपाट वर्णन करतो, त्याच्या मधल्या भागात असेच सहा-साडेसहा इंच खोलीचे सहा-सात ट्रे आहेत आणि कपड्यांवर पांघरायला हिरवी बनात ठोकलेली आहे. पण दोन्ही बाजूंना पंख आहेत आणि पंखांत लोखंडी दांडी. तिच्यावर बीच लाकडाचे, मध्यावर फिरणारे हात अडकवायचे आणि त्यांवर कपडे टांगायचे. आजच्या हँगरचाच हा पूर्वज. पुढच्या शंभर वर्षांत पंख वाढत गेले आणि ट्रे आकसत गेले. 1835 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक पद्धत शोधली, 1845 मध्ये इंग्लंडनं काचेवरचा कर उठवला, आणि दारावर माणसाच्या उंचीचा आरसा बसवणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागलं. आरशाचं कपाट आपल्याला पुरातन वाटतं, पण त्या कुळात आरसा हा उशिरा आलेला जावई आहे.

मुंबईत हे सगळं साहेबाच्या बंगल्यातून उतरत उतरत फ्लॅटपर्यंत आलं. 1937 मध्ये टाउन हॉलमध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेनं ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं, तेव्हा मरीन ड्राइव्हवर गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या शयनगृहांना शोभतील अशी गोल कोपऱ्यांची, व्हेनियर लावलेली तीन दारी कपाटं घडत होती. चोर बाजारात किंवा ओशिवऱ्यात जुनं म्हणून आज जे दिसतं, त्यात या पिढीचा वाटा मोठा आहे. इथे गज हाती घ्यावा. आडव्या दांडीवर हँगरनं कोट टांगायचा तर आतली खोली साधारण 22 इंच लागते. त्याआधीच्या कित्येक कपाटांत पाठीच्या फळीला खुंट्या असतात, कपडे तिला लागून चपटे लोंबतात, त्यामुळे पंधरा-सोळा इंचांतही भागतं. अशा कपाटात दांडी घातली की दार लागत नाही. काही कारागिरांनी यावर पुढे ओढता येणारी दांडी काढली. ती मूळची असेल तर तिची किंमत नक्षीहून जास्त धरावी.

यावर कुणी म्हणेल की आतलं काय, सुतार बोलावून दोन दिवसांत बदलता येतं. बाहेरचं रूप तेवढं मिळवावं. बदलता येतं हे खरंच. पण मग विकत घेतली ती चौकट, आणि चौकट नवीही करता येते. शिवाय बनावट उघडी पडते ती आतच. खण बाहेर काढून कोपरे पाहावेत: हातानं कापलेले डव्हटेल सांधे थोडे विषम असतात, यंत्राचे एकसारखे. पाठ प्लायवूडची असेल आणि ती नंतर बदललेली नसेल, तर कपाट विसाव्या शतकातलं आहे, विक्रेता काहीही म्हणो. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास झाले. त्याआधीचे बोथट टोकाचे. लाकडाचीही परीक्षा आतच: सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला आणि पाठीमागे वापरलेल्या हलक्या फळ्यांना ती खुशाल लागते. पॉलिश यातलं काहीच दाखवत नाही, लपवण्याचं काम मात्र चोख करतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आज शर्ट-पँट, ड्रेस, कोट असे टांगायचेच कपडे जास्त, तेव्हा घडीचं कपाट घेऊन करायचं काय? कचेरीला जाणाऱ्या माणसाच्या रोजच्या वापरासाठी हा आक्षेप मला मान्य आहे. पण मराठी घरात पैठण्या, शालू, नऊवारी, सोवळी, शाली असतात, आणि तिथे चर्चमधल्या पेटाऱ्याचाच न्याय लागतो. जरीची जड साडी वर्षानुवर्षं हँगरवर टांगली की ताण तिच्या एकाच रेषेवर येतो. घडीतही जर मोडते, म्हणून मधूनमधून घड्या बदलाव्या लागतात. पण त्यासाठी उथळ ट्रे लागतात, ज्यात एकावर एक दहा साड्यांचा ढीग होत नाही. शेरेटननं ट्रे सहा इंचांचे का ठेवले, हे पैठणी नेसणाऱ्या बाईला वेगळं समजावून सांगायला नको. एक काळजी मात्र घ्यावी: उघड्या लाकडातून आम्लं झिरपतात, म्हणून साडी थेट फळीवर न ठेवता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी.

उरतो पोलादी कपाटाचा प्रश्न. विंटेज म्हणजे लाकूडच असं मानणारे त्याला या कुळात घेत नाहीत, आणि मला ते पटत नाही. 1897 मध्ये कुलपांपासून सुरू झालेल्या गोदरेजनं 1902 मध्ये तिजोरी केली आणि 1923 मध्ये पोलादी कपाट. म्हणजे तिजोरी आधी आणि कपाट नंतर, हा क्रम त्याच्या पोटात अजून दिसतो: बहुतेक भाग फळ्यांचा, आत कुलूपबंद कप्पा, टांगायला एक अरुंद बाजू. लग्नात मुलीबरोबर जाणारं, घडीच्या साड्या आणि दागिने एकत्र सांभाळणारं हे कपाट म्हणजे फडताळ आणि पेटी यांचा सरळ वारस. वाळवी लागत नाही, पावसाळ्यात दारं फुगत नाहीत. गंज खालच्या पत्र्यात आधी धरतो, म्हणून जुनं घेताना ते आडवं करून तळ पाहावा.

वयाच्या हट्टापायी जास्त पैसे मोजणाऱ्यांनी एक कायदाही लक्षात ठेवावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात कलाकुसरीच्या वस्तूला पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं पुरी व्हावी लागतात, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आजोळचं सागवानी कपाट न्यू जर्सीला किंवा लंडनला न्यायचा बेत असेल, तर ते पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी मिळवावा लागतो. तिथे पाठीचं प्लायवूड आणि यंत्राचे सांधे तुमच्या बाजूनं साक्ष देतील.