डॉक्टरेट पूर्ण, अर्ज नामंजूर

पुण्यात नगर रोडवरून ऑफिसला जाणाऱ्यांनी रामवाडीजवळचं ज्ञानदीप विद्यापीठ कधीतरी पाहिलं असेल. मी चार वर्षं कंपनीच्या बसमधून ते बघत होतो, पण आत काय चालतं ते ठाऊक नव्हतं. आत थिऑलॉजीत, म्हणजे ईश्वरशास्त्रात, चक्क डॉक्टरेट करता येते!

एका शनिवारी सहज तिच्या अटी वाचायला घेतल्या. रोमच्या १९७९ च्या नियमावलीनुसार आधी तत्त्वज्ञान धरून साधारण पाच वर्षांची पहिली पदवी. मग दोन वर्षांचं लायसेन्शिएट, त्याशिवाय डॉक्टरेटला प्रवेशच नाही. पुढे प्रबंध. तो ज्ञानात खरी भर घालणारा हवा, मार्गदर्शकाच्या हाताखाली लिहिलेला हवा, सर्वांसमोर त्याचा बचाव करायचा आणि निदान मुख्य भाग छापायचा. २०१७ च्या अखेरीस पोप फ्रान्सिस यांनी नवी नियमावली काढली, पण ही चौकट तशीच राहिली. आपल्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटपेक्षा कितीतरी स्वच्छ प्रकरण आहे :)

वाचता वाचता शोधत गेलो आणि थेट आमच्या बांद्यात येऊन पोचलो.

बांदा म्हणजे सावंतवाडीच्या पुढे, तेरेखोल नदीच्या काठचं आमचं गाव. गोव्याची हद्द अगदी हाकेच्या अंतरावर. गावाचं नाव काढलं की आम्ही अभिमानाने सोहिरोबानाथांचं नाव सांगतो. पण त्यांच्याआधी शंभर वर्षं इथे एका थिऑलॉजीच्या डॉक्टरने चर्च बांधलं होतं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही.

त्याचं नाव मातेउश द कास्त्रो. जन्म १५९४ च्या सुमाराचा, गोव्यातल्या दिवाडी बेटावर, ब्राह्मण घरात. पुढे ख्रिस्ती झाला, फ्रान्सिस्कनांकडे रेइश मागुशला शिकला. पाद्री व्हायचं ठरवलं, पण गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा द्यायला नकार दिला. एतद्देशीय माणसाला तो मान मिळणं तेव्हा फार अवघड होतं.

मग काय करावं? हा गडी मजल दरमजल करत १६२५ त रोमला पोचला. तीन वर्षांपूर्वीच, १६२२ त, पोपने धर्मप्रसारासाठी 'प्रोपागांडा फिदे' नावाचं खातं उघडलं होतं. त्याचा सचिव फ्रान्चेस्को इंगोली याला स्थानिक पाद्री हवेच होते. कास्त्रो रोममध्ये शिकला, थिऑलॉजीचा डॉक्टर झाला, १६३० च्या आसपास त्याला दीक्षाही मिळाली.

त्या काळच्या अटी काही सोप्या नव्हत्या. १५६४ च्या पोपच्या फर्मानाप्रमाणे डॉक्टरेट घेणाऱ्याला आधी कॅथलिक श्रद्धेची ठरावीक प्रतिज्ञा म्हणावी लागे. आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ त ठरवलं होतं की बिशप होणारा माणूस थिऑलॉजी किंवा धर्मकायद्याचा पदवीधर हवा. म्हणजे कास्त्रोचं डॉक्टरेट हे नुसतं भिंतीवर लावायचं सर्टिफिकेट नव्हतं. कागदोपत्री तो आता थेट बिशपपदाला लायक होता.

१६३३ च्या सुमारास हे सगळं घेऊन तो गोव्यात परतला... आणि गोव्याने त्याचे कागद मानलेच नाहीत! कारण होतं पाद्रोआद. पूर्वेकडचे बिशप सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा, मग रोमची परस्पर आलेली कागदपत्रं का मानायची? आणि पदवी कुठलीही असो, माणूस दिवाडीचाच.

तो पुन्हा रोमला गेला. १६३७ त त्याला गुपचूप बिशप केलं गेलं, पोर्तुगिजांना कळू नये म्हणून. पदवी क्रिसोपोलिसची, म्हणजे नावापुरती. काम मात्र आदिलशाही मुलुखात. त्याने डिचोलीत ठाण मांडलं आणि डिचोली, बांदा आणि वेंगुर्ला इथे चर्च उभारली. गोव्याच्या राज्याला अगदी चिकटून, पण त्याच्या हद्दीबाहेर.

इथे मला गोष्ट संपवून कास्त्रोला हीरो करता आलं असतं. पण १६५३ त त्याने जी पोर्तुगीजविरोधी पुस्तिका लिहिली तिचं नाव 'ब्राह्मणांचा आरसा'. जन्मावरून अडवला गेलेला हा माणूस दाद मागायला निघाला तोही जन्माचाच दाखला घेऊन. दिवाडीतल्या कुणब्याला त्या आरशात जागा नव्हती. १६५८ त रोमने त्याला परत बोलावून घेतलं.

हे सगळं मी का लिहितोय? माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी एका कंपनीत सगळे राऊंड पास झालो होतो. शेवटी उत्तर आलं, 'कल्चर फिट नाही'. ती अट जाहिरातीत कुठेच नव्हती. कितीतरी दिवस मी ते मित्रांना चिडून सांगत होतो.

आणि गेल्या महिन्यात मी स्वतः टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. एका लहान गावातल्या कॉलेजचा मुलगा, कोड उत्तम, इंग्रजी अडखळत. फॉर्मवर मी 'फिट वाटत नाही' असं लिहून मोकळा झालो. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

सोमवारी त्या फॉर्मबद्दल एचआरशी बोलणार आहे. उशीर झाला असेल कदाचित. पण निदान कुठली अट त्याने पूर्ण केली नाही, ते मला लिहून द्यावं लागेल. आणि ते लिहिता येत नाहीये, हीच तर गोष्ट आहे.

असो. भेटू पुढच्या वीकेंडला.