घंटी वाजवण्याचा हक्क कुणाचा?

कुंभकोणमजवळच्या चोळपुरम् गावातून बोलतो आहे. सतराव्या शतकात एकोजीराजे तंजावरला आले, तेव्हापासून या मुलखात मराठी नांदते आहे. आमच्या घरात तंजावरी मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि फौजेतल्या नोकरीमुळे माझ्यापुरती हिंदी. घरात ०४३५ चा लँडलाइन फोन अजून आहे. त्यावर यंत्राचा हिंदी आवाज येतो: तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, नऊ दाबा. वडीलधाऱ्यांना बाकीची हिंदी कळत नाही, पण 'पोलीस', 'केस', 'सीबीआय' हे शब्द नेमके कळतात. धाक बसायला तेवढे पुरते.

ही वेळ कशी आली, ते पाहू.

२८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळी दोघांच्या मध्ये ऑपरेटर असे. कुठून फोन आला, कुणाला हवा, हे त्याला ठाऊक असे. या पद्धतीत दोषही होता: ऑपरेटर बोलणे ऐकू शके, फोन भलतीकडे जोडू शके. अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर या अंत्यविधी व्यावसायिकाला आपली गिऱ्हाइके अशीच प्रतिस्पर्ध्याकडे वळवली जातात असा संशय आला, अशी कथा सांगतात. १८९१ मध्ये त्याने स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले. आपल्याकडे १९१३-१४ मध्ये सिमल्याला असे एक्स्चेंज बसले. १९६० मध्ये लखनौ-कानपूर थेट एसटीडी सुरू झाली. सोय मोठीच झाली, पण दारावरचा पहारेकरीही गेला. पुढे फोन स्वस्त झाले, संगणक एकामागून एक नंबर फिरवू लागले, आणि कुणीही कुणाच्याही घरातली घंटी वाजवू लागला.

कायदा उशिरा जागा झाला. २००७ मध्ये ट्रायच्या नियमांनुसार 'डू नॉट कॉल' नोंदवही आली. २७ सप्टेंबर २०११ पासून नवी चौकट लागू झाली. १९०९ हा नंबर यासाठीच. लँडलाइनवरूनही १९०९ फिरवून जाहिरातींचे सगळे फोन बंद करून घेता येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांची जोडणी तोडायचे आदेश दिले. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली.

हे सगळे विक्रेत्यांसाठी. भामटा नोंदवही उघडून बघत नाही. परदेशातून भारतीय नंबरचा मुखवटा लावून येणारे फोन अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच असे १ कोटी ३५ लाख फोन अडले. तरी चोर दुसरी वाट शोधतोच. म्हणून शेवटचा पहारा आपला आपणच द्यायचा.

फौजेत रात्रीचा संत्री हाक देतो, "थम! कौन आता है?" ओळख पटवायची ती येणाऱ्याने, संत्री आधी स्वतःचे नाव-गाव सांगत नाही. फोनवर मात्र आपण उलटे करतो. समोरचा 'बँकेतून बोलतोय' म्हणाला की आपणच जन्मतारीख आणि ओटीपी देऊन मोकळे होतो.

तेव्हा यंत्राचा आवाज आला तर काही दाबू नका, रिसीव्हर ठेवा. बँकेचे नाव सांगितले तर पासबुकावरचा नंबर काढून आपण फोन करा, आणि तोही दुसऱ्या फोनवरून. ब्रिटनमध्ये भामटे अशा वेळी आपल्या बाजूने फोन ठेवतच नसत. लाइन चालूच राही. माणूस बँकेचा नंबर फिरवी आणि बोलणे पुन्हा त्याच चोराशी होई. नंबर दाखवणारे यंत्र जरूर घ्या, पण दिसलेल्या नंबरावर विसंबू नका. 'डिजिटल अरेस्ट' अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळणे अवघड.

१९०९ आणि १९३० हे दोन नंबर कागदावर ठळक लिहून फोनशेजारी चिकटवा. आमच्याकडे ते तमिळ आणि मराठी, दोन्हींत लिहिले आहेत. घरच्या वडीलधाऱ्यांना हा भाग मोठ्याने वाचून दाखवा.

जय हिंद.