पाणी जातं कुठे?

गाडी "पाणी पिते" असं आपण अगदी सहज म्हणून जातो. गंमत म्हणजे सुरुवातीच्या गाड्या खरोखरच पाणी प्यायच्या. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत इंजिनाभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि हीच इंजिन थंड ठेवायची पद्धत होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली (नवऱ्याला न सांगता!), तेव्हा वाटेत दिसेल तिथे पाणी भरत गेली. तेव्हा "पाणी कुठे गेलं?" असा प्रश्न कुणालाच पडत नसे. जायचंच ते.

हा प्रश्न पडायला लागला तो विल्हेल्म मायबाखमुळे. त्याने १९०० साली मर्सिडीजसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० चौकोनी नळ्या होत्या, प्रत्येक ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटर. सगळ्या गाडीला ९ लिटर पाणी पुरायला लागलं आणि तेच पाणी फिरून फिरून वापरता आलं. म्हणजे पाणी कमी झालं तर ते कुठून तरी गळतंय, हा हिशोब तिथून सुरू झाला.

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या काकांची पद्मिनी. घरातल्या मंडळींना गाडी माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. १९९४ ची प्रीमियर पद्मिनी, मूळची फियाट ११००. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी जिला अजरामर केलं तीच. (३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही, हेही आपण वाचलंच असेल. त्या दिवशी काका दुपारचे झोपले नाहीत.) २०२४ मध्ये काकांच्या गाडीची नोंदणी पुन्हा पाच वर्षांसाठी करून घ्यायची होती, आणि नेमकी तेव्हाच गाडी पाणी प्यायला लागली. फरशीवर डाग नाही, होजपाइप कोरडे, रेडिएटर कोरडा. पण पुण्याहून वाईला जाऊन आलं की पाऊण लिटर गायब.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला: "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून माझा चुलतभाऊ म्हणाला, "बाबा, आता भंगारात देऊ. तुमचंही वय झालं, तिचंही झालं." काका काही बोलले नाहीत. ते गप्प बसले की आम्हाला सगळ्यांनाच अवघड होतं. काकू गेल्यापासून ते कुठे जातात तर त्या गाडीनेच, हे भाऊही जाणून होता. पण मध्येच घाटात इंजिन तापून बंद पडलं तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने करायचं काय, हा त्याचा प्रश्नही खोटा नव्हता.

माझा पिंड जुनी कागदपत्रं चाळायचा. त्यामुळे गाडीच्या आधी मी काकांची वही मागितली. काकांनी १९९४ पासून पेट्रोल, ऑइल, हवा, पाणी सगळं तारखेनिशी लिहून ठेवलंय. त्या वहीत एक गोष्ट सरळ दिसत होती. गावातल्या गावात महिनाभर फिरलं तरी पाणी जेमतेम कमी व्हायचं. कमी व्हायचं ते तासाभराच्या वर सलग चालवल्यावर, त्यातही घाट असला की जास्त. म्हणजे इंजिन पुरेसं तापून आत दाब चढला की गळायचं आणि थंड झालं की थांबायचं. दुसरी गोष्ट, हेड गॅस्केट फुटलं की बहुतेक वेळा ऑइल दुधाळ चहासारखं होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. यातलं एकही नव्हतं. तिसरी गोष्ट वाचून मी कपाळाला हात लावला: "२००१, बोरघाट, रेडिएटरमध्ये हळद २ चमचे."

नव्या पिढीला सांगायला हवं, की द्रुतगती मार्ग व्हायच्या आधी बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग असे, आणि रेडिएटर गळत असला तर हळद टाकणं हा सर्वमान्य उपाय होता. हळदीचे कण बारीक भोकात जाऊन बसतात. घर गाठण्यापुरतं चालतं. काकांचं मात्र तेवढ्यावर तेवीस वर्षं चाललं!

दुसऱ्या एका मिस्त्रीकडे हातपंपाने रेडिएटरमध्ये दाब भरून पाहिला. काटा अगदी हळू उतरला, पण थेंब कुठेच दिसेना. तेव्हा मला डॅन्यूब नदी आठवली.

हसू नका. दक्षिण जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूबचं पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीत जिरतं. सुमारे १२ किलोमीटरवर आख नावाचा मोठा झरा आहे. हे पाणी तेच का, यावर भांडण होतं, कारण डॅन्यूबकाठच्यांना भेगा बुजवायच्या होत्या आणि आखच्या काठच्या कारखानदारांना त्या उघड्या हव्या होत्या. १८७७ साली आडोल्फ क्नोप या भूशास्त्रज्ञाने त्या भेगांत १० किलो फ्लोरेसीन ओतलं. हा रंग आडोल्फ फॉन बायरने १८७१ साली शोधलेला, म्हणजे अगदी ताजा. साधारण ६० तासांनी आखचा झरा झगझगीत हिरवा झाला! डॅन्यूबचं पाणी काळ्या समुद्राकडे न जाता ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्रात जातंय, हे सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलं. (भांडण काही मिटलं नाही. १९२७ साली ते व्युर्टेम्बर्ग आणि बाडेन या राज्यांमधला खटला बनून कोर्टात उभं होतं.)

त्याच १९२७ साली अमेरिकेत एथिलीन ग्लायकॉल गाडीत घालायचं द्रव्य म्हणून बाजारात आलं. त्याआधी थंडीत पाणी गोठू नये म्हणून अल्कोहोल घालत, पण ते उडून जायचं. पुढे कूलंटचा जो ओळखीचा हिरवा रंग झाला, त्यात बऱ्याचदा हेच फ्लोरेसीन असायचं. काकांच्या गाडीत मात्र तीस वर्षं बोअरचं साधं पाणी, त्यामुळे रंग नाहीच. मी गाड्यांसाठी मिळणारी रंगाची छोटी बाटली आणि नोटा तपासायची जांभळी बॅटरी आणली. रंग घातला, काकांना बरोबर घेऊन कात्रजचा घाट दोनदा चढलो-उतरलो, आणि रात्री पार्किंगमधले दिवे घालवून बॉनेटखाली बॅटरी फिरवली.

एका कोअर प्लगखालून हिरवी, बारीक रेघ खाली उतरली होती. तळाला पोचायच्या आधीच संपलेली. तापलेल्या लोखंडावर थेंबाची वाफ होत होती, म्हणून जमीन कायम कोरडी.

इंजिनाचा ब्लॉक ओततात तेव्हा पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून आत वाळूचे साचे ठेवतात. ती वाळू नंतर काढायला जी भोकं असतात, ती वाटीसारख्या पातळ पत्र्याने बंद करतात. तोच कोअर प्लग. आपल्याकडचे मिस्त्री त्याला डमी म्हणतात. पाणी गोठलं तर तो निघून ब्लॉक वाचावा म्हणून बसवतात असा समज आहे, पण त्याचा खरा जन्म ओतकामाचा. बोअरच्या पाण्याने आतून गंजून त्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं. यात गाडी बनवणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, तीस वर्षं पत्रा टिकला हेच खूप झालं.

मिस्त्रीने तो काढून हातावर दिला. आतल्या बाजूला गंजाबरोबर पिवळट खरपुडी होती. ती हळद असावी असं काकांचं ठाम मत आहे, मला ते क्षार वाटतात. पोचता येत होते तेवढे सगळे प्लग बदलून घेतले, पाण्याच्या वाटा धुतल्या आणि निम्मं शुद्ध पाणी, निम्मं कूलंट भरलं. (ते गोडसर लागतं आणि विषारी असतं. सांडलं तर लगेच पुसा, सोसायटीतली मांजरं चाटतात.) एकूण खर्च इंजिन उतरवण्याच्या आकड्याच्या पासंगालाही पुरला नाही.

नोंदणी झाली. भाऊ स्वतः काकांबरोबर वाईला जाऊन आला आणि परत आल्यावर न सांगता बॉनेट उघडून पाहिलं त्याने. पाणी जिथल्या तिथे. काकांनी वहीत लिहिलं: "प्लग बदलले. हिरवं पाणी. डॅन्यूब." आणि मग मला विचारलं, "अरे, पण त्या खटल्यात जिंकलं कोण?"