वर्गमूळ, घनमूळ आणि मुंबईचा क्षयरोगी

१/ मुंबईतील एखाद्या क्षयरोग्याचे औषध चालू ठेवावे की थांबवावे, हा निर्णय कधीकधी १९२० सालच्या एका गणिती सूत्रावर अवलंबून असतो.

२/ डिसेंबर २०११ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी क्षयाच्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हते. ‘संपूर्ण औषधरोधी’ या शब्दाला सरकारने आक्षेप घेतला; रुग्णांना मात्र नवे औषध हवे होते.

३/ ते वर्षभरात आले. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने बेडाक्विलिनला मान्यता दिली. क्षयावर नव्या वर्गातील औषध सुमारे ४० वर्षांनी मिळाले होते. सोबत इशाराही होता: या औषधाने इसीजीवरील ‘क्यूटी’ अंतर वाढते.

४/ क्यूटी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विद्युत्-लहर शिरल्यापासून ते कप्पे पूर्ववत होईपर्यंतचा काळ. इसीजीच्या कागदावरील एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा असतो. हे अंतर ५०० मिलिसेकंदांपलीकडे गेल्यास हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू ओढवू शकतो; म्हणून तेथे औषध थांबवतात.

५/ परंतु नाडी जलद झाली की क्यूटी आपोआप आखूड होते. म्हणून मोजलेला आकडा नाडीनुसार दुरुस्त करावा लागतो. १९२० मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हेन्री बॅझेट यांनी त्यास दोन ठोक्यांमधील काळाच्या वर्गमुळाने भागले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लुई फ्रिडेरिशिया यांनी घनमुळाने.

६/ तापामुळे क्षयरोग्याची नाडी अनेकदा जलद असते. समजा, मिनिटाला १२० ठोके, म्हणजे दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. आणि क्यूटी ३६० मिलिसेकंद. बॅझेट यांच्या सूत्राने उत्तर येते ५०९, फ्रिडेरिशिया यांच्या सूत्राने ४५४. हृदय तेच, कागदही तोच. पण पहिल्या उत्तराने औषध थांबते, दुसऱ्याने चालू राहते.

७/ मार्च २०१६ मध्ये भारतात सहा केंद्रांवर बेडाक्विलिन सुरू झाले. त्यांत मुंबईही होती. जलद नाडीत बॅझेट यांचे सूत्र अंतर फुगवून दाखवते, म्हणून क्षयाच्या उपचारात फ्रिडेरिशिया यांचे घनमूळ स्वीकारले गेले. थुंकीच्या तपासणीच्या जोडीला इसीजीही नियमाने काढला जाऊ लागला.

८/ ही सूत्रे मांडली गेली तेव्हा क्षयजंतू मारणारे एकही परिणामकारक औषध जगात नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ मध्ये.